सायकलस्वाराची सीमाशक्ती : एका आकड्याचा खरा अर्थ

सायकलच्या शर्यतींची तयारी करणाऱ्या तरुणांच्या तोंडी अलीकडे एक आकडा वारंवार ऐकू येतो. कोणी आपला आकडा दोनशे सांगतो, कोणी अडीचशे. हा आकडा वॉट या एककात असतो. इंग्रजीत त्यास 'फंक्शनल थ्रेशोल्ड पॉवर' अथवा आद्याक्षरांनी 'एफ. टी. पी.' म्हणतात. मराठीत त्यास 'कार्यात्मक सीमाशक्ती' म्हणता येईल. या पुस्तिकेत सोयीसाठी 'सीमाशक्ती' एवढाच शब्द योजिला आहे.

आकडा परिचयाचा झाला, परंतु त्याचा अर्थ तितकासा परिचयाचा झालेला नाही. एका तासाची सरासरी शक्ती म्हणजे सीमाशक्ती, असे काहीजण समजतात. वीस मिनिटांच्या परीक्षेत मिळालेल्या शक्तीचे शेकडा ९५ म्हणजेच सीमाशक्ती, असे दुसरे काहीजण मानतात. पहिली समजूत अर्धवट आहे. दुसऱ्या समजुतीत मोजण्याच्या साधनालाच मोजावयाची वस्तू मानले गेले आहे. या घोटाळ्याची किंमत सायकलस्वाराला आपल्या शरीराने द्यावी लागते; म्हणून हा आकडा कशाचा निदर्शक आहे, हे मुळापासून समजून घेणे आवश्यक आहे.

१. शक्ती म्हणजे काय?

पदार्थविज्ञानात कार्य करण्याच्या वेगास शक्ती म्हणतात. साठ किलोग्रॅम वजनाचा मनुष्य जिना चढताना तीन सेकंदांत एक मीटर उंची गाठीत असेल, तर तो सुमारे १९६ वॉट शक्तीने कार्य करीत असतो. यंत्रांच्या बाबतीत प्रचलित असलेली एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. सायकलस्वार पायडलवर जे बल लावतो आणि ज्या गतीने पायडल फिरवितो, त्या दोहोंच्या गुणाकारावरून त्याची शक्ती ठरते.

येथे असा प्रश्न उद्भवेल की, सायकलचा वेग पाहिला असता काम भागत नाही काय? भागत नाही, कारण वेग हा केवळ स्वाराच्या शक्तीवर अवलंबून नसतो. चढ, उतार, रस्त्याचा पृष्ठभाग आणि विशेषतः वारा यांचा त्यावर मोठा परिणाम होतो. हवेचा विरोध मोडून काढण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ताशी ३० किलोमीटरांवरून ३३ वर न्यावयाचा, म्हणजे वेगात शेकडा १० ची वाढ करावयाची, तर हवेसाठी खर्चावी लागणारी शक्ती शेकडा ३३ ने वाढते.

एका तासात सर्वाधिक अंतर तोडण्याचा विक्रम हे याचे उत्तम उदाहरण आहे. बेल्जियमचा एडी मर्क्स याने १९७२ मध्ये मेक्सिको शहरी एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडले. इटलीचा फिलिप्पो गान्ना याने २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेंखेन येथे ५६.७९२ किलोमीटर अंतर तोडले. परंतु एवढ्यावरून गान्नाची शक्ती मर्क्सपेक्षा किती अधिक होती, हे सांगता येणार नाही. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंच असल्यामुळे तेथील हवा विरळ आहे. तिचा विरोध कमी, पण तीत श्वासावाटे मिळणारा प्राणवायूही कमी. शिवाय पन्नास वर्षांत सायकलीची घडण, स्वाराची बैठक आणि त्याचा पोशाख ही सर्व बदलली. अंतर दोघांचेही अचूक मोजले गेले. शक्ती ही त्यामागील निराळी राशी आहे.

हृदयाचे ठोके हेदेखील पुरेसे विश्वसनीय माप नव्हे. श्रम वाढल्यानंतर ठोके काहीशा विलंबाने वाढतात. आणि श्रम तेवढेच राहिले तरी उष्णतेमुळे, अपुऱ्या झोपेमुळे वा पाण्याच्या अभावी ते वाढत जातात. म्हणून पायडलमागची शक्ती प्रत्यक्ष मोजण्याची निकड होती. जर्मन अभियंता उली शोबेरर याने १९८६ मध्ये सायकलच्या क्रँकमध्ये बसविता येणारे शक्तिमापक सिद्ध केले. बलामुळे धातूला जो अत्यल्प ताण पडतो, तो विद्युत्‌पट्टीने मोजून त्यावरून शक्ती काढावयाची, हे त्याचे तत्त्व. प्रयोगशाळेतील माप त्यामुळे रस्त्यावर आले.

२. झरा आणि हौद

स्नायूंच्या आकुंचनासाठी लागणारी ऊर्जा 'एटीपी' नावाच्या द्रव्यापासून मिळते. स्नायूत या द्रव्याचा साठा इतका थोडा असतो की, जोराच्या श्रमात तो काही सेकंदांपलीकडे पुरला नसता. म्हणून शरीर ते सतत नव्याने तयार करीत असते. या निर्मितीचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात पिष्टमय पदार्थ व स्निग्ध पदार्थ प्राणवायूच्या साह्याने जाळले जातात. हा मार्ग दीर्घकाळ चालू राहू शकतो, पण त्याचा वेग मर्यादित असतो. दुसऱ्या मार्गात प्राणवायूची तात्काळ गरज लागत नाही. त्यात स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट खर्ची पडते व शर्करेचे दुग्धाम्लात रूपांतर होते. हा मार्ग अत्यंत वेगवान, पण त्याची शिदोरी अल्प.

एखाद्या मळ्यात जिवंत झरा असावा आणि त्याच्या शेजारी पाण्याने भरलेला हौद असावा, अशी कल्पना करावी. झऱ्याचे पाणी अखंड वाहते, पण ठरावीक ओघानेच. पिकास त्याहून अधिक पाणी हवे असेल, तर वरचे पाणी हौदातून घ्यावे लागते. हौद लहान असो की मोठा, तो केव्हातरी रिता होतो. आणि झऱ्याच्या ओघापेक्षा उपसा कमी केल्याखेरीज तो पुन्हा भरत नाही. प्राणवायूवर चालणारी व्यवस्था हा झरा होय. दुसरी व्यवस्था हा हौद होय. शरीरात दोन्ही व्यवस्था एकाच वेळी चालू असतात व त्यांची सरमिसळही होते, हे ध्यानात ठेवल्यास ही उपमा पुढील विवेचनास पुरेशी आहे.

दुग्धाम्लाविषयी एक जुना समज येथे दूर केला पाहिजे. दुग्धाम्ल हे थकव्याचे विष असून प्राणवायू संपला म्हणजेच ते निर्माण होते, असे दीर्घकाळ मानले जात असे. वास्तविक विश्रांतीच्या अवस्थेतही त्याची निर्मिती चालू असते. हृदय आणि इतर स्नायू दुग्धाम्लाच्या क्षारांचा इंधन म्हणून उपयोग करतात, हे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स व इतरांच्या संशोधनाने १९८० नंतरच्या काळात स्पष्ट झाले. तेव्हा प्रश्न दुग्धाम्ल निर्माण होते की नाही, हा नसून जितके निर्माण होते तितके वापरले जाते की नाही, हा आहे.

३. उंबरठा कोठे आहे?

आता सायकलस्वार हळूहळू शक्ती वाढवीत आहे, असे समजू. प्रारंभी प्रत्येक वाढीनंतर काही मिनिटांत त्याचे शरीर नव्या श्रमाशी जुळवून घेते. श्वास, प्राणवायूचा खप आणि रक्तातील दुग्धाम्ल ही थोडी वाढतात व वरच्या पातळीवर स्थिरावतात. पुढे एक मर्यादा अशी येते की, तिच्यापलीकडे ही स्थिरता मिळतच नाही. शक्ती तेवढीच ठेवली तरी दुग्धाम्ल वाढत राहते, प्राणवायूचा खप वाढत जाऊन आपल्या कमाल पातळीकडे जातो, आणि स्वारास लवकरच थांबावे लागते. डेव्हिड पूल व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा फरक स्पष्ट दिसून आला. मर्यादेवर शरीर स्थिरावत होते. तिच्या किंचित वर ते स्थिरावत नव्हते.

या मर्यादेलाच उंबरठा म्हणावयाचे, आणि सीमाशक्ती हा या उंबरठ्याचा वॉटमध्ये केलेला अंदाज होय. सीमाशक्ती ही स्वाराची कमाल शक्ती नव्हे. काही सेकंदांपुरता तो तिच्या कितीतरी पट शक्ती लावू शकतो. तशीच ती भिंतही नव्हे; तिच्या वर जाता येते, पण हौदाचा हिशेब ठेवून. ज्या श्रमात शरीर स्थिरावते आणि ज्या श्रमात ते स्थिरावत नाही, त्या दोहोंमधील ती सीमारेषा आहे. तिच्या खाली, दुग्धाम्ल विश्रांतीच्या पातळीवरून प्रथम वाढू लागते तेथे, आणखी एक सौम्य उंबरठा असतो. दोहोंनाही 'थ्रेशोल्ड' हाच शब्द लावला जात असल्याने कोणत्या उंबरठ्याविषयी बोलणे चालले आहे, हे पाहणे अगत्याचे असते.

४. 'एक तास' कोठून आला?

वेळ आणि शक्ती यांचा संबंध शोधण्याचा प्रयत्न जुना आहे. स्नायूंच्या उष्णतेवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारा इंग्रज शास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल याने १९२५ मध्ये क्रीडाविक्रमांचा अभ्यास केला. अंतर वाढते तसा वेग प्रथम झपाट्याने उतरतो व पुढे हळूहळू सपाट होत जातो, हे त्याने दाखविले. फ्रान्समधील मोनो व शेरेर यांनी १९६५ मध्ये स्नायूंच्या कार्याचा हिशेब मांडून या सपाटीला 'निर्णायक शक्ती' ही गणिती संज्ञा दिली. पुढे १९८१ मध्ये मोरितानी व सहकाऱ्यांनी हीच कल्पना सायकलवरील संपूर्ण शरीराच्या श्रमास लावली.

प्रयोगशाळेत जाऊन वारंवार रक्त तपासणे सामान्य स्वारास शक्य नसते. ही अडचण ओळखून अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन याने एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी सीमाशक्तीची कल्पना मांडली. न थकता, जवळजवळ स्थिर अवस्थेत, सुमारे एक तास टिकविता येईल अशी सर्वाधिक शक्ती, असा तिचा आशय होता. मार्गदर्शक हंटर ॲलन याच्यासह त्याने लिहिलेल्या २००६ मधील ग्रंथामुळे ही कल्पना सर्वत्र पसरली. चांगल्या स्वारांस ४० किलोमीटरांच्या एकट्याच्या शर्यतीस सुमारे एक तास लागतो, आणि त्या तासातील शक्ती उंबरठ्याच्या निकट असते. एक तासाचा उल्लेख यास्तव आला.

या व्याख्येत 'सुमारे' आणि 'स्थिर अवस्था' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. पण नेमके तेच गळून पडले आणि 'एक तास' तेवढा लोकांच्या ध्यानात राहिला. वस्तुतः उंबरठ्यावरील श्रम कोणी पाऊण तासही टिकवू शकत नाही, तर कोणी तासाहून अधिक टिकवितो. सराव, आहार, हवामान व मनाची तयारी यांवर हा काळ अवलंबून असतो. तास हे उंबरठा ओळखण्याचे एक स्थूल लक्षण आहे. तो स्वतः उंबरठा नव्हे.

५. वीस मिनिटांची परीक्षा

तासभर जीव तोडून सायकल चालविणे कष्टाचे असल्याने एक लहान परीक्षा रूढ झाली. शरीर गरम करून प्रथम पाच मिनिटे सर्व जोर लावावयाचा, नंतर काही वेळ सावकाश चालवावयाचे, आणि मग वीस मिनिटे शक्य तितक्या जोराने चालवून त्या वीस मिनिटांच्या सरासरी शक्तीचे शेकडा ९५ घ्यावयाचे. प्रारंभीची पाच मिनिटे ही हौदाचा बराच भाग रिता करण्यासाठी असतात, म्हणजे पुढील वीस मिनिटांत झऱ्याचेच दर्शन अधिक घडावे. पुष्कळ स्वार नेमकी हीच पाच मिनिटे गाळतात व शेकडा ९५ चा गुणाकार तेवढा करतात. त्यामुळे कोणता घोटाळा होतो, ते पुढील काल्पनिक उदाहरणावरून दिसेल.

समजा, 'अ' या स्वाराच्या झऱ्याचा ओघ २२० वॉट असून त्याच्या हौदात १८ किलोज्यूल ऊर्जा आहे. 'ब' याच्या झऱ्याचा ओघ २०५ वॉट आहे, पण हौद ३६ किलोज्यूलचा आहे. दोघेही पाच मिनिटांचा भाग गाळून वीस मिनिटांची, म्हणजे १,२०० सेकंदांची परीक्षा देतात. 'अ' आपला हौद संपूर्ण वापरून सेकंदास १५ ज्यूल, म्हणजे १५ वॉट, जादा मिळवितो. त्याची सरासरी २३५ वॉट येते. 'ब' आपल्या हौदातून ३० वॉट जादा मिळवितो. त्याचीही सरासरी २३५ वॉटच येते. शेकडा ९५ घेतले असता दोघांची सीमाशक्ती सुमारे २२३ वॉट ठरते. कागदावर दोघे समान, शरीराने मात्र भिन्न.

आता दोघांनाही २२३ वॉटने वीस-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या करण्यास सांगितले. 'अ' हा आपल्या ओघाच्या केवळ ३ वॉट वर आहे. एका फेरीत त्याच्या हौदातून ३.६ किलोज्यूल जातात, म्हणजे पाचवा हिस्सा. 'ब' हा १८ वॉट वर आहे; एका फेरीत त्याचे २१.६ किलोज्यूल जातात, म्हणजे हौदाचा अर्ध्याहून अधिक भाग. दोन फेऱ्यांस त्याला ४३.२ किलोज्यूल लागतील, आणि हौदात आहेत ३६. मधल्या विश्रांतीत जे काही भरून येईल, त्यावरच त्याची दुसरी फेरी अवलंबून राहील. 'अ' याचा तो नित्याचा कठीण सराव झाला. 'ब' याची मात्र दर खेपेस अखेरची शर्यत झाली.

हे गणित सुमारे दोन मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतच्या श्रमांस बऱ्यापैकी लागू पडते. त्यापलीकडे इंधन, उष्णता व मज्जासंस्थेचा थकवा यांचा हिशेब निराळा होतो. गणिताने काढलेली निर्णायक शक्ती आणि सीमाशक्ती या तंतोतंत एकही नव्हेत. पहिली बहुधा किंचित वर येते. तथापि दोन्ही एकाच उंबरठ्याकडे निर्देश करतात, आणि वरील उदाहरणातील भेद त्यामुळे बाधित होत नाही.

६. चुकलेल्या आकड्याचे परिणाम

सीमाशक्तीवरून सरावाच्या श्रेणी ठरविण्याची रीत आहे. कॉगनच्या पद्धतीत दीर्घ पल्ल्याचा सराव सीमाशक्तीच्या शेकडा ५६ ते ७५ या मर्यादेत, तर उंबरठ्याचा सराव शेकडा ९१ ते १०५ या मर्यादेत येतो. मूळ आकडाच चुकला की सर्व श्रेणी सरकतात. 'ब' याने २०५ ऐवजी २२३ धरले, तर त्याच्या दीर्घ सरावाची वरची मर्यादा १५४ वॉटऐवजी १६७ वॉट होते. विसाव्याचा दिवस पुरेसा विसाव्याचा राहत नाही, आणि कठीण दिवस पूर्ण करण्याइतके बळ उरत नाही.

याहून गंभीर हानी मनाची होते. ठरविलेला सराव वारंवार अर्धवट सुटू लागला म्हणजे आपला निश्चय दुबळा आहे, असे तो तरुण समजू लागतो. मार्गदर्शकही कित्येकदा तसेच समजतो व अधिक जोर लावावयास सांगतो. वास्तविक दोष निश्चयात नसून गुणाकारात असतो. महिनोन्‌महिने अशा रीतीने घालविल्यावर थकवा साचतो, झोप बिघडते, प्रगती थांबते, आणि एखादा होतकरू स्वार खेळच सोडून देतो. उलटपक्षी ज्याचा हौद लहान पण झरा मोठा, त्याचा आकडा या परीक्षेत वास्तवाहून कमी येऊ शकतो व तो आपल्या योग्यतेपेक्षा हलक्या सरावात अडकून राहतो. दर मिनिटास शक्ती वाढवीत नेऊन अखेरच्या मिनिटाच्या शक्तीचे शेकडा ७५ घेण्याची जी दुसरी परीक्षा आहे, तीतही मोठ्या हौदाच्या स्वाराचा आकडा असाच फुगतो.

७. उष्णता आणि ऋतू

सायकलस्वाराच्या शरीरात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी शेकडा २० ते २५ एवढाच भाग पायडलपर्यंत पोहोचतो. उरलेला उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. २२० वॉटने तासभर सायकल चालविली तर पायडलवर ७९२ किलोज्यूल कार्य होते. पण शरीराचा खर्च सुमारे ७५० ते ९५० किलोकॅलरी होतो. एवढी उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्ताचा काही भाग त्वचेकडे वळवावा लागतो, आणि स्नायूंच्या वाट्यास तेवढा कमी येतो.

म्हणून पौषातील पहाटे काढलेला आकडा वैशाखातील दुपारी तसाच लागू पडेल, असे मानू नये. पंख्याविना बंद खोलीत स्थिर सायकलीवर परीक्षा दिली, तर आकडा रस्त्यावरच्यापेक्षा कमी येतो. त्यातून चांगल्या शक्तिमापकातही शेकडा एक-दोनची चूक संभवते. २२० वॉटमध्ये ती चारपर्यंत जाते. तेव्हा एक-दोन वॉटांच्या वाढीने हर्ष किंवा घटीने खेद मानण्यास शास्त्रीय आधार नाही. सीमाशक्ती ही एक रेघ नसून एक अरुंद पट्टा आहे, असे समजणे अधिक यथार्थ होय.

८. आकड्याचा पडताळा

सीमाशक्तीचा उत्तम पडताळा म्हणजे स्थिरतेचा पडताळा. काढलेल्या आकड्याने पस्तीस-चाळीस मिनिटे सलग सायकल चालवून पाहावी. पहिल्या आठ-दहा मिनिटांनंतर श्वास जोराचा पण नियमित राहिला, दोन-चार शब्द बोलता आले आणि अखेरपर्यंत श्रम सोसवले, तर आकडा उंबरठ्याच्या जवळपास आहे. दहा मिनिटांतच श्वास अनावर होऊ लागला आणि प्रत्येक मिनिटास कष्ट वाढत गेले, तर परीक्षेने काहीही सांगितले असो, आकडा उंबरठ्याच्या वर आहे. तो पाच-दहा वॉट उतरवून पुन्हा पाहावे. तीन मिनिटे व बारा मिनिटे अशा दोन स्वतंत्र कसोट्या निरनिराळ्या दिवशी घेतल्यास झरा व हौद यांचा अंदाज वेगवेगळा काढता येतो. तीन मिनिटांत ५७.६ आणि बारा मिनिटांत १७६.४ किलोज्यूल कार्य झाले, तर मधल्या ५४० सेकंदांत ११८.८ किलोज्यूल अधिक झाले. भागाकार केला असता २२० वॉट येतात. हा झाला झरा. तीन मिनिटांत झऱ्याने दिलेले ३९.६ किलोज्यूल ५७.६ मधून वजा केले असता उरतात ते १८ किलोज्यूल, हा हौद. हाच वरील उदाहरणातील 'अ' होय.

अशा कसोट्या शरीरावर मोठा ताण आणतात. ज्यांस हृदयाचा वा छातीचा विकार आहे, किंवा जे दीर्घकाळ व्यायामापासून दूर राहिले आहेत, त्यांनी वैद्याचा सल्ला घेतल्याशिवाय त्या करू नयेत. सरावातील स्वारानेही दीड-दोन महिन्यांतून एकदा कसोटी घेणे पुरेसे आहे.

शेवटी, सीमाशक्ती ही स्वाराच्या गुणवत्तेची संपूर्ण पत्रिका नव्हे. चढावर तिला वजनाने भागून पाहावे लागते : साठ किलोग्रॅमच्या स्वाराचे २२० वॉट हे पंच्याहत्तर किलोग्रॅमच्या स्वाराच्या २४० वॉटांपेक्षा तेथे सरस ठरतात. अखेरच्या धावेत हौद कामास येतो, आणि चौथ्या-पाचव्या तासात थकल्यावर उरलेली शक्ती कामास येते. यांपैकी कशाचाही बोध या एका आकड्याने होत नाही. आजच्या सरावाचे माप ठरविण्यासाठी तो आकडा आहे. आकडा व शरीर यांची साक्ष भिन्न पडेल, तेव्हा पुन्हा मोजून पाहावे आणि तोपर्यंत शरीराची साक्ष ग्राह्य धरावी.